काटकसर कुठे करायची

नमस्कार, श्रोतेहो.

काटकसरीवर बोलायचं आहे असं मला कळवलं, तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आपल्या लोकांना काटकसर शिकवायची गरज काय? जुन्या साडीची गोधडी होते, गोधडी विरली की तिची पायपुसणी होतात. तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागते. हे सगळं आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. गोची होते ती दुसरीकडे. काटकसर करायची हे ठाऊक असतं, पण कुठे करायची तिथे हिशेब चुकतो. शेगडी भडकलेली असते आणि वरण पाणचट असतं. गॅसवर हात सैल आणि डाळीवर हात आखडलेला. मी बरीच वर्षं गृहविज्ञान शिकवलं, आणि हा उलटा हिशेब मी सुशिक्षित घरांतही पाहिला आहे. तेव्हा आज आपण शेगडीपासून सुरुवात करू आणि ताटापर्यंत येऊ.

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो कशात जातो? तुम्ही म्हणाल, स्वयंपाकात. त्यातला बराचसा स्वयंपाकघराची हवा तापवण्यात आणि पाण्याची वाफ करण्यात जातो. एक साधी गोष्ट लक्षात घ्या. उघड्या भांड्यातलं पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं. एकदा उकळलं की खाली आच कितीही मोठी करा, ते त्याहून जास्त तापत नाही. बटाटा लवकर शिजत नाही, डाळ लवकर शिजत नाही, नुसती जास्त वाफ होते. आणि वाफ ही फार खर्चिक चीज आहे. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. म्हणजे उकळी आल्यावर आच बारीक केली नाही आणि झाकण ठेवलं नाही, तर आपण पैसे देऊन वाफ विकत घेतो आणि खिडकीतून बाहेर सोडतो.

म्हणून उकळी आली की गॅस बारीक, आणि भांड्यावर झाकण. ज्वाळा भांड्याच्या बुडाबाहेर, कडेने वर येता कामा नये. ज्वाळा निळी हवी. ती पिवळी दिसत असेल आणि भांडी काळी पडत असतील, तर बर्नरची भोकं बुजली आहेत असं समजा. बर्नर पूर्ण गार झाल्यावर काढा, साबणाच्या पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, भोकं टाचणीने मोकळी करा आणि कोरडा करून बसवा. पाव तासाचं काम आहे.

आता कुकर. आपल्याकडे कुकरचा स्वयंपाक शिट्ट्यांवर मोजतात. "भाताला तीन, डाळीला पाच, राजम्याला आठ." शेजारणी एकमेकींना असंच सांगतात. पण शिट्टी म्हणजे काय? आत दाब पुरेसा झाला, आता जास्तीची वाफ बाहेर जाते आहे, ही सूचना. कुकरच्या आत तापमान 120 अंशांच्या जवळपास जातं, म्हणून पदार्थ लवकर शिजतात. तो दाब एकदा आला की तो टिकवायला अगदी मंद आच पुरते. तेव्हा पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि त्यानंतर शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. तूरडाळ अर्धा तास आधी भिजवलेली असेल, तर मंद आचेवर आठ-दहा मिनिटांत मऊ होते. मग गॅस बंद करा आणि कुकर तसाच राहू द्या. दाब आपोआप उतरेपर्यंत आत शिजणं चालूच असतं. ती दहा मिनिटं फुकट मिळतात. घाईघाईने नळाखाली कुकर धरणं म्हणजे ती फेकून देणं. एकाच कुकरात खाली डाळ, वर भात आणि त्याच्यावर बटाटे किंवा लाल भोपळ्याच्या फोडी, हे तर बहुतेक घरांत होतंच.

भिजवण्याविषयी जरा थांबून बोलते, कारण मला विचाराल तर स्वयंपाकघरातली सगळ्यांत मोठी बचत रात्री झोपण्यापूर्वी होते. हरभरे, राजमा, छोले, चवळी, वाल, मटकी, जे उद्या लागणार ते आज रात्री भरपूर पाण्यात टाकायचं. सकाळी ते फुगून दुप्पट झालेलं असतं आणि कितीतरी कमी वेळात शिजतं. हरभरे आणि छोले पोटात गुडगुड करतात, त्यांचं भिजवलेलं पाणी काढून टाकून नव्या पाण्यात शिजवले की तो त्रास कमी होतो. राजम्याच्या बाबतीत मात्र हे सक्तीचं समजा. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि राजमा खळखळून, पुरता शिजवायचा. अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या होतात, कारण त्यात एक विषारी घटक असतो आणि तो नुसत्या कोमट आचेने जात नाही. गॅस वाचवायचा म्हणून राजमा कचकचीत ठेवायचा, असली काटकसर नको.

मटकी आणि मुगाला तर मोड आणा. मोड आले की मुळात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व त्यात तयार होतं, आणि विकतच्या कुठल्याही पुड्याशिवाय. मात्र मोडाची उसळही नीट वाफवून घ्या, विशेषतः लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं घरात असतील तर. उबदार ओल्या फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात.

पुड्यांवरून आठवलं. मुलांची उंची वाढवणारी, ताकद देणारी पावडर म्हणून जे डबे दुकानात मिळतात, त्यांच्या मागचं बारीक अक्षरातलं एकदा वाचा. घटकांची यादी वजनाच्या क्रमाने असते, जे सगळ्यांत जास्त ते आधी. कित्येक डब्यांवर साखर अगदी पहिल्या दोन-तीन नावांत सापडेल. त्यापेक्षा नाचणी घ्या. 100 ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आपल्या रोजच्या कुठल्याही धान्यापेक्षा कितीतरी जास्त. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर जरा भाजायची आणि दळून आणायची. ताकातली आंबील करा, दुधातली खीर करा.

ज्वारी-बाजरीबद्दल लोक म्हणतात, गरिबाचं धान्य, स्वस्त आणि मस्त. मस्त खरं, पण आज कित्येक बाजारांत चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. मंगळवेढ्याची मालदांडी घ्यायला गेलात तर भाव ऐकून क्षणभर थबकाल. तेव्हा रेशनवर गहू-तांदूळ मिळत असताना ते टाकून सगळं घर ज्वारीवर आणा, असं मी सांगणार नाही. एक वेळची पोळी काढून भाकरी ठेवा, तेवढं पुष्कळ आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात मळायचं. नव्याने शिकणाऱ्यांची भाकरी फुटते ती बहुधा गार पाण्यामुळे किंवा जुन्या पिठामुळे. आणि बाजरीचं पीठ फार दळून ठेवू नका. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे पीठ काही दिवसांतच कडसर लागायला लागतं. थोडं थोडं दळून आणावं.

भाजीच्या बाबतीत आपण चांगलं तेच टाकतो. दोडक्याच्या शिरा किसून, तीळ आणि हिरवी मिरची घालून तव्यावर परतलेली चटणी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना मी काय सांगायचं? दोडक्याच्या भाजीपेक्षा ती जास्त चवदार होते, निदान आमच्याकडे तरी भांडण चटणीवरून होतं. मुळ्याचा पाला बेसन पेरून, फ्लॉवरचा कोवळा पाला डाळीत, कोथिंबिरीचे देठ वाटणात, कलिंगडाचा सालीलगतचा पांढरा भाग किसून थालीपिठात. शेवग्याचा पाला तर शेजारच्या झाडाचा मिळतो, फक्त मागायची लाज वाटता कामा नये. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं.

शेंगदाणा विसरू नका. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. दाण्याचं कूट, दाण्याची चटणी, दाणे-गूळ हा काही किरकोळ खाऊ नाही. पण काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे निवडून फेकून द्या, भाजून खपवू नका. त्या बुरशीचं विष भाजण्याने जात नाही. गुळाबद्दलही स्पष्ट सांगते, गूळ चवीला उत्तम, पण शेवटी तो साखरेचाच भाऊ. मधुमेह असलेल्यांनी "गूळ आहे, चालतो" म्हणून मोकळा हात सोडू नये.

आता शिळ्याकडे येऊ. फोडणीची पोळी, पोळीचा कुस्करा, ताकातली शिळी भाकरी, हे सकाळचे पदार्थ मला कुठल्याही हॉटेलातल्या नाश्त्याहून प्रिय आहेत. पोळी-भाकरी कोरडी असते, ती रात्रभर सहज टिकते. भाताचं तसं नाही. तांदळात काही जंतूंचे बीजाणू असतात, ते शिजवण्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर तासन्‌तास पडला की त्यांची वाढ होते आणि ते विष तयार करतात. सकाळी कितीही खरपूस फोडणी दिलीत तरी ते विष नष्ट होत नाही. म्हणून फोडणीचा भात करायचा असेल तर उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करा आणि तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर रात्री भात मोजूनच लावा.

तळणीच्या तेलाचंही असंच. दिवाळीचं उरलेलं तेल संक्रांतीपर्यंत पुन्हापुन्हा तापवलं जातं. तळण झालं की तेल गाळून झाकून ठेवा आणि आठवडाभरात फोडणीला, भाजीला संपवा. ते काळं, चिकट झालं असेल, फेस येत असेल किंवा लगेच धूर सोडत असेल तर त्याचा मोह सोडा. मुळात तळण कमी केलं की हा प्रश्नच येत नाही. माणशी महिन्याला अर्धा किलो तेल पुरे, यात तूपही धरा. घरात चार माणसं असतील तर महिन्याला दोन किलो. किराणा भरताना हा आकडा डोक्यात ठेवला तर बरं.

आणखी एका ठिकाणी पैसे वाचवू नका. गॅसची नळी. ती भेगाळेपर्यंत वापरतात, दोऱ्याने बांधतात. नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदला. कुकरची सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रबरी रिंगसुद्धा वेळच्या वेळी बदला.

मघाशी ताटापर्यंत येते म्हणाले होते, ते आता. ही गोष्ट मी थोड्या रागाने सांगणार आहे. घरात काटकसर सुरू झाली की ती पहिल्यांदा कुणाच्या ताटात होते? सगळे जेवून उठतात, मग घरची बाई बसते. पातेल्याच्या बुडाला लागलेला भात, रश्शातल्या फोडी संपून उरलेला रस्सा, आणि "मला चालतं हो." दूध मुलांना, अंडं धन्याला, तिला चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. दम लागणं, चेहरा पांढुरका पडणं, दुपारी उभं राहवेनासं होणं याला आपण "वय झालं" म्हणतो. वय तिशीचं असतं!

यावर उपाय महाग नाहीत. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, किंवा वाढण्यापूर्वी तिचं ताट आधी काढून ठेवायचं. भाजी लोखंडी कढईत करायची. टोमॅटो, चिंच, आमसूल असं काही आंबट त्यात असलं की कढईतलं लोह भाजीत उतरतं. शिजली की भाजी दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते. जेवताना लिंबाची फोड पिळायची, कारण पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा त्या लोहाला अडवतो. तासभर थांबा. तरीही थकवा जात नसेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर पोट बिघडतं म्हणून त्या फडताळात ठेवून देऊ नका, डॉक्टरांना तसं सांगा.

आणि पुरुष श्रोत्यांनो, आपण ऐकताय ना? भिजत घालायला काही पाककला लागत नाही. वाटीभर मटकी घ्या, खडे निवडा, दोनदा धुवा आणि आत्ताच पाण्यात टाका. सकाळी उपसून फडक्यात बांधा, दिवसभर आणि रात्रभर उबेला ठेवा. परवा डब्याला मोडाची उसळ होईल.

नमस्कार.