रंगाचा हात

नमस्कार, श्रोतेहो. जुन्या सायकलीला घरच्या घरी रंग द्यायचा म्हटलं की रंग कुठला, यावरच आपण तासभर घालवतो. मीही घालवला. लाल की हिरवा या घोळात घासायचा मात्र कंटाळा केला, आणि महिन्याभरात नव्या रंगाचा अख्खा पापुद्रा नखाने निघाला. खालचा जुना रंग तसाच चकचकीत! नव्या रंगाने धरायचं तरी कशाला?

तेव्हा आधी सायकल पूर्ण उघडा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात बरं का. ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की सुटतं. हे विसरून पान्याला लोंबकळणारे मी पाहिलेत. फ्रेम साबणाने धुवा, राहिलेलं तेल थिनरने पुसा. मग घासणं. गंजलेल्या जागी 120 नंबरचा पेपर, मग 240, शेवटी 400चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून. जुना रंग घट्ट असेल तर खरवडू नका, त्याची चमक गेली की पुरे. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथे सगळंच ओलं घासा, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

घासताना एखाद्या सांध्यापाशी केसाएवढी रेघ दिसली तर थांबा. ती नुसत्या रंगाची आहे की नळीची, नीट बघा. नळीला तडा असेल तर रंगकाम तिथेच संपलं.

आट्यांमध्ये कागदाचे बोळे कोंबा. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर. पोलादाला रेड ऑक्साइडचा चालतो, ॲल्युमिनियमला मात्र एच (etch) प्रायमरच हवा, धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा.

आता स्प्रे. मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून फ्रेम तारेने टांगा. डबा साधारण 25 सेंटिमीटर लांब धरा. फवारा नळीच्या अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन सोडायचा. मध्ये हात थबकला की ओघळ आलाच. पहिल्या हातानंतर प्रायमर डोकावतो, काम फसल्यासारखं वाटतं. वाटू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा. एकाच जाड हातात उरकायचा मोह फार होतो, मला अजूनही होतो.

दुसऱ्या दिवशी रंग सुकलेला दिसेल. सीटच्या नळीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे नख दाबून पाहा. ठसा उमटला? मग फ्रेम अजून तारेवरच राहू द्या.