हेतू सातबाऱ्यावर, पुरावा कुठे?

(दृश्य: जांभ्याचा गडगा, पलीकडे हापूसची कलमं)

कोकणातल्या एखाद्या सामाईक जमिनीचा सातबारा काढून बघा. आजोबा, त्यांचे मुलगे, लग्न होऊन गेलेल्या मुली, मुंबईला गेलेला चुलता, त्याची गावाने कधी न पाहिलेली नातवंडं. कितीतरी नावांपुढे हिस्सा अजून आण्या-पैत. कुणाचा तुकडा नेमका कुठला, हे कागद सांगत नाही. ते वहिवाटीने ठरतं. जमिनीत नाचणी-वरी निघत होती तोवर हे खपलं. मग महामार्गाच्या चौपदरीकरणाचा मोबदला आला, किनाऱ्यालगत बंगल्यांसाठी गिऱ्हाइकं आली, आणि एकेका सहीला भाव आला. सगळे सही द्यायला तयार, एकटाच अडून बसलेला.

बहुतेक भांडणं तलाठ्याकडच्या हरकतीत, वाटपाच्या दाव्यात, फार तर गणपतीत एकमेकांकडे न जाण्यात मुरतात. थोडी मात्र अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या सत्र न्यायालयात पोचतात. आरोप: खून करण्यासाठी अपहरण, खून, पुरावा नष्ट करणं. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची 364, 302 आणि 201 ही कलमं. नंतरची असेल तर तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची 140, 103 आणि 238.

(दृश्य: न्यायालयाचा व्हरांडा, पुकारा)

गावात निकाल पहिल्याच दिवशी लागलेला असतो: "जमिनीपायीच मारला त्याला." कोर्टात या वाक्याचं वजन हेतूपुरतं. आणि हेतू तर त्या सातबाऱ्यावरच्या प्रत्येकालाच होता! बचावाचे वकील बोट ठेवतात ते इथेच.

म्हणून खटला फिरतो तो काही तासांभोवती. तो माणूस गाडीत कुणाबरोबर बसला, स्वतःहून की ओढून नेल्यावर, आणि मृतदेह सापडेपर्यंत मध्ये काय घडलं. पश्चिम बंगालच्या मीर मोहम्मद ओमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये सांगितलं, की अपहरण सिद्ध झालं आणि नंतर त्या माणसाचा खून झालेला आढळला, तर मधल्या काळात काय झालं हे नेणाऱ्यांनी सांगायचं. त्यांनी ते सांगितलं नाही, तर खून त्यांनीच केला असा निष्कर्ष काढता येतो. त्यामुळे खरी झुंज अपहरणावर होते.

तिथे साक्षीदार कोण? नाक्यावरचा चहावाला, नाहीतर भावकीतलाच कुणी. त्याला त्याच वाडीत राहायचं असतं, त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. पोलिसांना त्याने नावं सांगितलेली असतात. साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र, "अंधार होता साहेब, ओळखलं नाही." साक्षीदार फितूर. त्याला भित्रा म्हणणं आपल्याला सोपं आहे. फितुराची साक्षही सगळी वाया जात नाही. इतर पुराव्याशी जुळणारा भाग न्यायालय घेऊ शकतं.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा नाही. आरोपीने पंचांसमक्ष सांगितलं आणि त्यावरून झुडपातली कोयती सापडली, तर त्या शोधापुरताच जबाब चालतो. मोबाइलच्या नोंदींची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवं; जालन्याच्या एका निवडणूक वादात 2020 मध्ये हे पक्कं झालं. आणि परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी आजही शरद बिरधीचंद सारडा खटल्यातली, 1984 ची. साखळी अशी पूर्ण हवी, की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागाच उरू नये. नुसता संशय, कितीही दाट असला, तरी शिक्षेला पुरत नाही.

(दृश्य: तलाठी कार्यालय, फेरफार नोंदवही)

आता जमिनीचं. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956, कलम 25: खून करणाऱ्याला मृताची मालमत्ता वारसाहक्काने मिळत नाही. पुढचं कलम 27 तर त्याला मृताच्या आधीच मेलेला धरतं. म्हणजे हिश्शासाठी भावाला मारलं, तर भावाचा हिस्सा मारणाऱ्याकडे येतच नाही. त्याचा स्वतःचा हिस्सा मात्र जन्मठेपेतही त्याच्याच नावावर राहतो.

शिक्षेविरुद्धचं अपील रायगडहून मुंबईला, उच्च न्यायालयात जातं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं 18 ऑगस्ट 2025 पासून त्याच उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. दिवाणी न्यायालयातला वाटपाचा दावा या सगळ्यापासून वेगळाच चालत राहतो. तिथे मृताचे वारस 90 दिवसांत दाव्यात आणावे लागतात. त्याच्या नावाच्या जागी बायकोचं, मुलांचं नाव लागतं, आणि अडलेली सही आता त्यांच्याकडे मागितली जाते.