ते पापा: ही वस्तू इथं आली कशी?

[दृश्य: वेलिंग्टनचं बंदर. वाऱ्याचा आवाज. इमारतीचा दर्शनी भाग.]

वेलिंग्टनचा वारा स्वस्थ बसत नाही. बंदराच्या कडेला, समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर ही अवाढव्य इमारत उभी आहे. ते पापा टोंगारेवा, न्यूझीलंडचं राष्ट्रीय संग्रहालय. 14 फेब्रुवारी 1998 रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. संग्रह मात्र कितीतरी जुना, 1865 च्या वसाहतकालीन संग्रहालयापासून जमत आलेला. स्थानिकांना प्रवेश फुकट आहे. परदेशी पाहुण्यांना 2024 च्या सप्टेंबरपासून 35 न्यूझीलंड डॉलर मोजावे लागतात. मोजा. दिवस पुरत नाही.

पण आधी तळाशी डोकावू या.

[दृश्य: पायातले ठोकळे, जवळून.]

शहराच्या अंगाखालून भूकंपाचा भ्रंश, म्हणजे जमिनीतली मोठी भेग, गेलाय. म्हणून या खांबांखाली रबर आणि पोलादाचे थर एकावर एक रचलेले ठोकळे बसवलेत. मधोमध शिशाचा जाड दांडा. जमीन हलली की रबर झुकतं, शिसं धक्क्याचा जोर जिरवतं आणि वरची इमारत सावकाश डुलते. बिल रॉबिन्सन या इथल्याच शास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात काढलेली ही युक्ती. नोव्हेंबर 2016 मध्ये कायकोउराचा 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा शहरातल्या काही बऱ्यापैकी नव्या इमारतीही पाडाव्या लागल्या. ते पापा शाबूत राहिलं. 2001 च्या भूकंपानंतर भूजचं मोठं रुग्णालय नव्यानं बांधलं, तेव्हा त्याच्या पायातही हेच तंत्र घातलं गेलं.

आता आत. दुसऱ्या मजल्यावर पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईचं दालन आहे. सिनेमांसाठी पुतळे आणि देखावे बनवणाऱ्या वेटा वर्कशॉपनं घडवलेले, खऱ्या माणसाच्या 2.4 पट मोठे सैनिक. गर्दी तिथं असतेच. फार लॅप या नामांकित शर्यतीच्या घोड्याचा सांगाडाही इथंच पाहायला मिळतो. कातडं मेलबर्नला, काळीज कॅनबेराला. एका घोड्याच्या इतक्या वाटण्या!

एवढ्या मोठ्या संग्रहालयात सगळ्या पाट्या वाचत बसलं की तासाभरात डोकं भणभणतं. त्यापेक्षा प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारत फिरावं: तू इथं आलीस कशी?

[दृश्य: निसर्ग दालन. टाकीतला महाकाय स्क्विड.]

ही पाहा. कोकणच्या बाजारात जिला माकूल म्हणतात, त्या कुळातली. फक्त हिचं वजन 495 किलो. फेब्रुवारी 2007. अंटार्क्टिकाजवळचा रॉस समुद्र. एका मासेमारी जहाजाच्या गळाला टूथफिश लागला होता आणि ही त्याला खात होती. गळ वर ओढला, तरी हिनं घास सोडला नाही. जहाजावरच्या मंडळींनी ती जाळ्यात घेतली, गोठवली आणि न्यूझीलंडला आणली.

पेच त्यानंतर पडला. अर्ध्या टनाचा हा गोळा वितळवायचा कसा? आतला बर्फ सुटेपर्यंत बाहेरचं मांस सडणार. भल्यामोठ्या मायक्रोवेव्हचीही कल्पना निघाली होती! शेवटी 2008 मध्ये थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाकीत ती हळूहळू मोकळी झाली. जगभरच्या लोकांनी ते इंटरनेटवर थेट पाहिलं.

[दृश्य: भुजा, जवळून.]

भुजांकडे नीट बघा. चोषकांच्या जोडीला टोकदार आकडे आहेत. दोन लांब स्पर्शिकांवरचे आकडे तर जागच्या जागी गोल फिरू शकतात. आणि डोळा अंदाजे 27 सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढा.

[दृश्य: कांस्य घंटेचं छायाचित्र.]

संग्रहातली ही घंटा बघून भारतीय माणूस थबकतोच. काठ फुटून गेलेला, अंगावर जुनी तमिळ अक्षरं. मजकूर असा: मोहैदीन बक्श यांच्या जहाजाची घंटा. 1836 च्या सुमारास विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती उत्तर भागातल्या माओरींकडे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांकडे, दिसली, तेव्हा ते तीत बटाटे उकडत होते. त्यांचं म्हणणं, वादळात एक झाड उन्मळून पडलं आणि मुळाशी ही सापडली. ती किती जुनी आणि इतक्या दूर कशी पोचली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेमागे निदान लढाई तरी आहे. हिच्यामागे फक्त समुद्र दिसतो.

[दृश्य: चौथा मजला. रोंगोमाराएरोआ मराए.]

हा संग्रहालयातला मराए, म्हणजे जमण्याचं, पाहुण्यांचं स्वागत करण्याचं, वाद घालण्याचं ठिकाण. इथलं सभागृह क्लिफ व्हायटिंग या माओरी कलावंताच्या देखरेखीखाली घडलं. लाकडाच्या बारीक तंतूंपासून बनवलेले साधे एमडीएफचे तक्ते कोरून त्यांवर भडक रंग चढवलेत. परंपरा जपायची म्हणजे जुनंच लाकूड हवं, हा हट्ट व्हायटिंगनी धरला नाही. मला तेच आवडलं.

इथून पुढं मात्र आपल्या प्रश्नाची उत्तरं जड होत जातात.

गोंदवलेल्या चेहऱ्यांची, टिकवून ठेवलेली माओरी मस्तकं, तोई मोको. घरच्या माणसांसाठी ती पूज्य होती. युरोपियनांना नवलाईची वस्तू म्हणून हवी होती आणि मोबदल्यात बंदुका मिळत. 1831 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरनं या व्यापाराला बंदी घातली, तोवर शेकडो मस्तकं देशाबाहेर गेली होती. होरेशियो रॉबली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मोठा संग्रह जमवला आणि न्यूझीलंड सरकारला देऊ केला. सरकारनं नको म्हटलं. 1907 मध्ये तो न्यूयॉर्कला विकला गेला आणि परत यायला 2014 उजाडलं. फ्रान्समधल्या रुआं शहरानं 2007 मध्येच एक मस्तक परत करायचं ठरवलं, तर त्यांच्याच सांस्कृतिक मंत्रालयानं अडवलं. त्यासाठी 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

2003 पासून परदेशातले पूर्वज, म्हणजे अशी मस्तकं आणि इतर अवशेष, परत आणायचं काम सरकारनं ते पापाकडे सोपवलंय. ते प्रदर्शनात नसतात. आमचा कॅमेराही तिकडं वळलेला नाही.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. ते हाऊ की तूरंगा.]

आणि हे घर, म्हणजे माओरींचं कोरीव सभागृह. 1840 च्या दशकात राहारुही रुकुपो या कलावंतानं आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ कोरलेलं. भिंतीवरचा प्रत्येक खांब एकेक पूर्वज आहे. 1867 मध्ये सरकारनं ते गिझबर्नजवळून उचललं, बोटीत घातलं आणि वेलिंग्टनला आणलं. ते घर ज्यांचं, त्या रोंगोफाकाता या माओरी लोकांनी त्याच वर्षी तक्रार अर्ज केला. पुढं दीड शतक घर राजधानीतच होतं. 2012 च्या कायद्यानं मालकी त्यांच्याकडे परत गेली आणि घर त्यांच्या मुलखात नेण्याचंही ठरलं. 2017 मध्ये याच लोकांनी ते पापात स्वतःचं प्रदर्शन भरवलं. कोणत्या वस्तू मांडायच्या आणि त्यांच्याबद्दल काय सांगायचं, हे या वेळी त्यांनी ठरवलं.