गालातली जागा

[दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत, पहाटेचे साडेचार. आधी यंत्रमागांचा आवाज, मग चित्र.]

या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. मागावरच्या माणसाला काही हवं असेल तर खूण करावी लागते. त्यातली एक खूण बाहेरच्यालाही लगेच कळते. डावा तळवा उघडा धरायचा आणि त्यावर उजवा अंगठा दोनदा घासायचा. पलीकडच्या मागावरून पुडी येते, पाठोपाठ चुन्याची डबी.

उसने शंभर रुपये मागताना माणूस दहा वेळा विचार करतो. चिमूटभर तंबाखू मात्र अनोळखी माणसाकडंही मागता येते, आणि देणारा कधी नाही म्हणत नाही. एसटी स्टँडवर, कोर्टाच्या पायरीवर, अगदी दवाखान्याच्या आवारातसुद्धा बोलणं सुरू होतं ते "चुना हाय का?" इथून. आम्ही व्यसनावर फिल्म करायला निघालो होतो. पहिल्याच दिवशी एकानं अडवलं, "व्यसन कसलं बे? दारू हाय व्हय ही? तंबाखू हाय."

या उत्तरामागं जुनी कहाणी आहे.

[दृश्य : जुन्या गिरणीच्या भिंती, मग चादरीवर फिरणारा धोटा.]

सोलापुरात १८७७ साली कापड गिरणी उभी राहिली. गाव तिला अजून जुनी मिल म्हणतं. गिरणी म्हणजे कापूस, आणि हवेत तरंगणारी त्याची तुसं. तिथं विडी पेटवणं म्हणजे आगीला बोलावणं, म्हणून ओढायची बंदी. शिवाय दोन्ही हात कामात. गालात धरलेल्या तंबाखूला ना काडी लागते, ना हात. भूक मरते, झोप उडते, पाळी निघते. गिरण्या बंद पडल्या, माग छोट्या कारखान्यांत गेले, चादरीबरोबर टॉवेल आले. गालातली जागा तेवढी तशीच राहिली.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढांत सुमारे २४ जण धुराशिवायची तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे चारसुद्धा भरले नाहीत. म्हणजे आपल्याकडं तंबाखूचा प्रश्न सिगारेटचा नाहीच. तो तळहातावरचा आहे.

[दृश्य : तळहात अगदी जवळून. तंबाखू, चुना, फिरणारा अंगठा.]

आता इथं थांबून नीट बघा. चुना कशाला? विचारलं तर सांगतात, "त्याशिवाय लागत नाही." बरोबरच आहे. तंबाखूतलं निकोटिन क्षारांत बांधलेलं असतं. चुन्यानं ते सुटं होतं आणि गालाच्या पातळ कातडीतून थेट रक्तात जातं. मळताना नाकाला झोंबणारा वास ही त्याचीच वर्दी. वर चुना गालाला सोलत राहतो. त्या सोललेल्या जागेवर तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची, कर्करोग घडवणारी द्रव्यं मुरतात. ती कोणी बाहेरून घातलेली नसतात. पान वाळवताना, मुरवताना तंबाखूतच तयार होतात. त्यामुळं "आपली साधी तंबाखू आहे, गुटखा नाही" या म्हणण्याला काही आधार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अशा तंबाखूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचाही. २००४ साली सुपारीही त्याच गटात आली, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा. मावा म्हणजे घासून एकजीव केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. दोन्ही एका पुडीत. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. बंदी किती पाळली जाते ते रस्त्याच्या दुभाजकावर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

[दृश्य : दंतवैद्याची खुर्ची. रुग्णाचा चेहरा दिसत नाही.]

डॉक्टर तोंड उघडायला सांगण्याआधी एक प्रश्न विचारतात, "कोणत्या बाजूला धरता?" माणूस गालावर बोट ठेवतो. बॅटरीचा झोत तिथंच पडतो आणि पांढरा चट्टा बहुतेक वेळा तिथंच सापडतो. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. काही चट्टे तंबाखू सोडल्यावर विरतातही. पण कोणता विरेल आणि कोणता पुढं जाईल, हे आरशात बघून ठरत नाही.

एक चाचणी बसल्या जागी करता येते. आता करा. तर्जनी, मधलं आणि अनामिका, ही आपल्याच हाताची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये घाला. जातात? दोनच जात असतील तर गाल आतून आखडायला लागलाय. हा सुपारीचा, माव्याचा प्रताप. गालाखाली दोरीसारखे तंतू तयार होतात, आणि सुपारी सोडल्यावरही आखडलेलं तोंड सहसा पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. या रोगाची पहिली तक्रार सोलापुरात जेवणाच्या ताटावरच कळते. शेंगा चटणी झोंबायला लागते. जन्मभर तिखट खाल्लेला माणूस म्हणतो, "आजकाल घरात तिखट जास्त पडायलंय." घरात तिखट तेवढंच असतं.

दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा डाग, कारण नसताना हलणारा दात, मानेत गाठ, गिळताना अडकणं. यातलं काही असेल तर दुखायची वाट बघू नका. सुरुवातीला हे दुखतच नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि तेवढ्यात आजार पुढं सरकतो.

याच जिल्ह्यात, बार्शीत, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते दवाखान्यात रुग्णाची वाट बघत बसले नाहीत. गावोगाव फिरून, लक्षणं सांगून माणसं शोधली. केरळात तिरुवनंतपुरमच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांची तोंडं ठरावीक काळानं नुसती नीट उजेडात तपासली, तर तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. यंत्र नाही, रक्त काढणं नाही. उजेड आणि शिकलेली नजर. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी अशी योजना आहे. आशाताई घरी येतील तेव्हा विचारा.

[दृश्य : कुंभारीजवळचं विडी घरकुल. दारात सूप घेऊन बसलेल्या बायका, मराठी-तेलुगू बोलणं.]

सोलापूरच्या हजारो बायका विड्या वळतात. सुपात पान आणि तंबाखू, मजुरी दर हजार विड्यांमागं. यांच्यापैकी विडी ओढणारी शोधून सापडणं अवघड. मिश्री लावणारी शोधावी लागत नाही.

माझी आजी मिश्री घरीच करायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. त्या दिवशी आळीभर ठसका. मग कुटून, चाळून डबी भरायची. सुरुवात दाढदुखीवर औषध म्हणून झाली होती. दाढ गेली, मिश्री राहिली. सकाळी मिश्री लागेपर्यंत ती कोणाशी बोलायची नाही. आम्हाला वाटायचं, आजीचा स्वभावच तसा. ती रात्रभरात उतरलेल्या निकोटिनची तलफ होती, हे आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं. तिला कोणी तंबाखूबद्दल विचारलं तर ती शपथेवर सांगायची, "मी नाय बाई तंबाखू खात."

म्हणून गरोदर बाईला "तंबाखू घेता का?" असं विचारून उपयोग नसतो. "मिश्री लावता का?" असं विचारावं लागतं. मुंबईतल्या सुमारे बाराशे गर्भवतींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अशी तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. दिवस भरायच्या आत होणारी बाळंतपणंही त्यांच्यात जास्त होती.

[दृश्य : पुन्हा कारखाना. पाळी सुटलीय. चहाची टपरी.]

आता सोडण्याविषयी. या टपरीवर आम्हाला एक मामा भेटले. एकतीस वर्षं गालात तंबाखू. त्यांनी सोडली ती भाषण ऐकून नाही. नातू जवळ येईना, "आजोबा, वास येतो" म्हणाला, म्हणून.

मामांनी आठवडाभर काहीच सोडलं नाही. फक्त प्रत्येक बार भरला की कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला रेघ ओढायची, आणि शेजारी का भरला ते लिहायचं. रोजच्या चौदा रेघा निघाल्या. त्यातल्या पाच-सहा तलफेच्या नव्हत्याच. कोणीतरी हात पुढं केला म्हणून. हे बघून ते स्वतःच चकित झाले. मग दिवस ठरवला. रात्रपाळी संपून दिवसपाळी लागते तो. रोजचं वेळापत्रक तसंही मोडतं, तेव्हा हेही मोडू. आदल्या रात्री डबी, पुड्या घराबाहेर. कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं, माझ्यापुढं हात करू नका.

पहिले तीन दिवस वाईट गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. डोकं जड, झोप नाही, बायकोवर खेकसणं. शरीरातलं निकोटिन उतरतं तेव्हा असं होतंच. दोन-चार आठवड्यांत ओसरतं. सकाळी पोट साफ होईना. "तंबाखूशिवाय होतच नाही" म्हणतात ते अगदी खोटं नाही. निकोटिन आतड्याला ढकलतं, आणि आतड्याला त्याची सवय लागते. उपाय साधा आहे. गरम पाणी, भाकरी, पालेभाजी आणि थोडे दिवस धीर.

तलफ लाटेसारखी येते. पाच-दहा मिनिटं टिकते आणि जाते. तेवढा वेळ तोंडाला आणि हाताला काम द्यायचं. मामांनी भाजलेले शेंगदाणे धरले, कधी बडीशेप, कधी लवंग. सुपारी मात्र नाही. "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो" म्हणणारे किती भेटले म्हणून सांगू.

तलफ फार असेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगम घेता येतो. आपल्याकडची माणसं तो चुकीचा खातात, बबलगमसारखा चघळत सुटतात. मग घसा जळतो, उचकी लागते, आणि गम बदनाम होतो. हळू चावायचा, जीभ चुरचुरली की थांबायचं आणि गालात सारून ठेवायचा. चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. हे तंत्र तंबाखू धरणाऱ्याला वेगळं शिकवावं लागू नये! एकच पथ्य, गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको. चहानं तो लागूच पडत नाही. गरोदर बाईनं किंवा हृदयाचा आजार असलेल्यानं स्वतःच्या मनानं गम घेऊ नये.

सोडायला मदत करणारा सरकारी फोन नंबर आहे, १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत. तो छापलेला असतो तंबाखूच्या पुडीवर, त्या भीतीदायक चित्राजवळ. सुट्टी तंबाखू घेणाऱ्याला तो कधी दिसतच नाही, म्हणून इथं पडद्यावर मोठा दाखवतोय.

[दृश्य : पडद्यावर नंबर. मग मामांचं घर, भिंतीवर कॅलेंडर.]

हे मामांचं कॅलेंडर. रेघांच्या जागी आता फुल्या आहेत, एका दिवसाला एक. जानेवारीत एक जागा कोरी आहे. त्या दिवशी गड्ड्याच्या यात्रेत जुना मित्र भेटला. पाळण्यापाशी उभ्याउभ्या त्यानं मळलेली पुढं केली, आणि यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी फुली पुन्हा सुरू.

मामांचा हिशोब आहे, एकच दिवस वजा करायचा. मामींना तो मान्य नाही. त्या म्हणतात, पुन्हा एकपासून मोजा. आम्ही कॅमेरा बंद केला तरी ते भांडण चालूच होतं, आणि मधल्या ताटलीतले शेंगदाणे संपत आले होते.