मोठं पिंप घेताना आधी तोटी उघडून बघा

नमस्कार. घरी आंबवण करायला 60 लिटरचं पिंप घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो स्टील, काच की प्लास्टिक. हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला असा, की भरलेलं पिंप उचलणार कोण? 60 लिटर रस म्हणजे 60 किलोहून जास्तच, कारण साखर विरघळलेला रस पाण्यापेक्षा जड असतो. भरलेलं पिंप जमिनीवरून ओट्यावर चढवायला गेलात तर पाठ तरी जाईल नाहीतर पिंप. म्हणून रिकामं पिंप आधी मजबूत चौथऱ्यावर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर ठेवायचं आणि मग भरायचं. पुढे नळीने रस खालच्या भांड्यात काढायचा तर ही उंची लागतेच.

दुसरी कसोटी: बाही वर करा, हात आत घाला. [हात पिंपात] बोटं तळाच्या कोपऱ्यात पोहोचतात का? नसतील पोहोचत, तर ते पिंप तुम्ही नीट धुणार नाही. आज धुवाल, तिसऱ्या खेपेला कंटाळा कराल. अरुंद तोंडाची काचेची बुधली दिसते छान. पण फळाचा गर घालून आंबवायचं असेल तर ती घेऊच नका. गर फेसाबरोबर वर येतो, मानेत बसतो, वायूची वाट बंद करतो आणि झाकण उडून छताला लागतं. 23 लिटरची काचेची बुधली रिकामीच 6-7 किलोची असते. ओल्या हातातून निसटली तर तुकडे सुरीसारखे लागतात. काच वापरा जरूर, पण नंतरच्या मुरवणीसाठी. तिथे तिच्याइतकं चांगलं काही नाही, कारण काचेतून हवा आत येत नाही. मात्र गरम रस त्यात ओतायचा नाही, जाड काच एका बाजूने तापली की तडकते.

आता प्लास्टिक. बुडाला त्रिकोणात 2 असेल तर एचडीपीई, 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही कामाची. पण तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, पिंप खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलंय की नाही ते नाही. त्यासाठी पेला आणि काट्याचं चिन्ह किंवा तसं लिहिलेलं बघा. जुनं, रसायनाचं पिंप धुऊन वापरू असा विचार मनातही आणू नका, प्लास्टिक वास आणि द्रव दोन्ही शोषून घेतं. एचडीपीईतून हवा हळूहळू आत झिरपते. दोन-तीन आठवड्यांच्या आंबवणीत त्याने काही बिघडत नाही, आत वायू तयार होत असतो. पण सहा महिने त्यातच ठेवलंत तर रंग तपकिरी होणार आणि चव उतरणार.

इथे जवळून बघा. [टॉर्च तिरका धरून आतल्या भिंतीवर] या ज्या बारीक रेषा दिसतायत ना, त्या तारेच्या घासणीने पडल्यात. या खाचांत जंतू बसतात आणि जंतुनाशक तिथपर्यंत पोहोचत नाही. प्लास्टिकला फक्त मऊ फडकं. खाचा पडल्याच असतील तर ते पिंप पुढे धान्याला वापरा.

स्टील घ्यायचं तर 304 दर्जाचं. चुंबक लावून बघतात लोक. सपाट भागाला जोरात चिकटला तर ते 304 नसण्याची शक्यता मोठी. स्टीलचे दोन शत्रू: मिठाचं पाणी आणि क्लोरीनचं ब्लीच. दोन्हींमुळे बारीक खड्डे पडतात. म्हणून मिठात भाज्या आंबवायच्या असतील तर चिनी मातीची बरणी, काच किंवा प्लास्टिकच बरं. चिनी मातीच्या चकाकीत शिसं नाही याची खात्री हवी. जस्ताचा मुलामा असलेली बादली आणि ॲल्युमिनियमचं पातेलं आंबट रसाला अजिबात नको. आम्ल धातू खातं आणि तो रसात उतरतो.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ आहे ती तोटी. [तोटी खोलून, भाग पांढऱ्या कपड्यावर] ही वरवर धुतलेली तोटी. आतला फिरता भाग बाहेर काढला, आणि हा बघा, पिवळट, बुळबुळीत थर. मागच्या खेपेचा रस इथे अडकून सुकला होता. पिंप कितीही घासा, पहिला पेला काढताच नवा रस याच थरावरून जाणार. बाटलीत आठवड्याने आंबट वास आला तर पुष्कळदा चूक इथेच असते. म्हणून नियम: जी तोटी हाताने पूर्ण उघडत नाही ती विकत घ्यायची नाही.

तोटी तळापासून 3-4 सेंटिमीटर वर हवी, म्हणजे गाळ खाली राहतो. रबरी वायसर शक्यतो पिंपाच्या आतल्या बाजूला बसवा, बाहेरून नट हाताने आवळा, पान्याने पिळू नका, वायसर फाटतो. मग पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला तर रस भरायचा नाही.

धुण्याचे टप्पे दोन आणि क्रम बदलायचा नाही. आधी मळ काढायचा: 1 लिटर गरम पाण्याला 5 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट, अर्धा-पाऊण तास, मग खळखळून धुवायचं. त्यानंतर जंतुनाशक. मळावर जंतुनाशक टाकलं तर ते मळातच खर्च होतं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

किती भरायचं? गरासकट रस असेल तर तीन चतुर्थांश. 60 च्या पिंपात 45. पहिल्या तीन-चार दिवसांत फेस चढतो, त्याला जागा लागते. मुरवताना उलटं, मानेपर्यंत भरायचं. 1 किलो साखर पूर्ण आंबली की 250 लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे 10 किलो साखरेच्या पिंपातून 2,500 लिटर. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. बंद तळघरात किंवा झोपायच्या खोलीत पिंप नको. आणि झाकण घट्ट बंद करून वायूला वाट न ठेवणं म्हणजे घरात फुगा फुगवत बसणं.

झाकणावरच्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाणी भरलेल्या नळीतून, बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपली असं नाही, झाकणाच्या कडेतून वायू निसटत असेल. हायड्रोमीटरचं, म्हणजे रसाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीचं, माप तीन दिवस तेच आलं की संपली समजा. मोठ्या पिंपात आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वर जातं, कारण आकारमान वाढतं त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही. थर्मामीटर खोलीत नको, पिंपाच्या भिंतीला चिकटवून वर जाड कापडाची पट्टी बांधा.

ऊर्ध्वपातनाचं भांडं वेगळंच प्रकरण. दारू गाळायला बऱ्याच देशांत परवाना लागतो, त्याशिवाय हात घालू नका. पण पाणी किंवा फुलांचा अर्क काढायलाही भांड्याचे नियम तेच. तांबं किंवा स्टील, जोडाला शिसं असलेला डाख (सोल्डर) नाही, गरम वाफेच्या वाटेत प्लास्टिक किंवा साधं रबर नाही. भांडं जास्तीत जास्त तीन चतुर्थांश भरा. 2,000 वॉटचा हीटर 20 लिटर पाण्याला 25 अंशांवरून उकळीला न्यायला तासभर घेतो, आणि तो सगळा वेळ हीटर पाण्यात बुडालेला असला पाहिजे. गाळ किंवा पाकळ्या त्याला चिकटल्या तर करपतात आणि सगळ्या अर्काला जळका वास लागतो, म्हणून त्या जाळीवर ठेवा. आणि वाफेचं बाहेर पडायचं तोंड, म्हणजे थंड नळीचं शेवटचं टोक, उघडं आहे ना, हे हीटर लावण्याआधी त्यातून फुंकर मारून बघायचं. दर वेळी.