बार्शी लाइटची वाट

कुर्डुवाडी जंक्शनच्या फलाटावरून दिसणारे दोन्ही मार्ग आज सारख्याच रुंदीचे आहेत. एक मुंबईहून सोलापूरकडे जातो आणि दुसरा मिरजेहून पंढरपूरमार्गे येऊन लातूरकडे निघतो. हा दुसरा मार्ग मात्र जन्माला आला तो अडीच फूट अंतराच्या अरुंद रुळांवर, आणि जुनी माणसे आजही त्याला ‘बार्शी लाइट’ म्हणतात.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या भागातून गेली, तेव्हा कापूस आणि तेलबियांची मोठी पेठ असलेले बार्शी तिच्या वाटेवर आले नाही. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ हे नाव मिळाले खरे, पण बार्शी तिथून सुमारे 34 किलोमीटर दूर राहिले आणि पेठेतला माल बैलगाड्यांनीच स्टेशनापर्यंत येत राहिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही गरज ओळखली आणि 1895 साली कंपनी उभी केली.

या मार्गावरच्या इंजिनाची चाके नीट पाहावीत, कारण कॅलथ्रॉप यांची सारी कल्पकता तिथेच आहे. इंजिन असो वा मालाची वाघीण, कोणत्याही एका आसावर 5 टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा नियम त्यांनी ठरवला आणि भार अधिक आसांवर वाटून दिला. त्यामुळे दर यार्ड लांबीला अवघे 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरेसा ठरला आणि ज्या मुलखाला रुंद मार्गाचा खर्च पेलणारा नव्हता, तिथेही भरलेली मालगाडी धावू शकली. मुलखाची ऐपत पाहून रेल्वे बांधता येते, हे 1897 साली मार्ग सुरू झाला तेव्हाच इथे सिद्ध झाले होते. ‘तोट्याची छोटी गाडी’ म्हणून अशा मार्गांकडे पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

बार्शीपर्यंत आलेला हा रूळ 1906 साली पंढरपूरला पोहोचला आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी या गाडीने विठ्ठलाच्या दर्शनाला येऊ लागले. 1911 साली त्याने निजामाच्या राज्यातले लातूर गाठले, तर 1927 साली तो मिरजेला जाऊन भिडला. लातूरच्या आडत बाजारातली तूर आणि सोयाबीनची थप्पी, हमालांची लगबग आणि शहरातल्या डाळमिल यांचे सारे श्रेय एका रेल्वेला देता येणार नाही. परंतु बालाघाटच्या डोंगररांगेवरचे हे गाव दूरच्या बाजारांशी प्रथम जोडले गेले ते याच रुळाने.

सरकारने 1954 साली कंपनी विकत घेतली, पुढे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज म्हणजे रुंद रूळ आले, 2008 साली कुर्डुवाडी-लातूर काम पूर्ण होताना वाट वळवून धाराशिव शहरही जोडले गेले आणि नॅरोगेजची गाडी कायमची थांबली.

एप्रिल 2016. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले आहे आणि मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असे करत लातूरला येते आहे. पहिल्या फेरीला 10 वाघिणी होत्या, सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. नंतर वाघिणींची संख्या 50 झाली. पाणी उतरवून घेतले जाई आणि रिकाम्या वाघिणी त्याच वाटेने पुन्हा मिरजेकडे निघत.