हळू चालणाऱ्याच्या वेगानं

(दृश्य: पाक ताम चुंग, हाँगकाँग. नोव्हेंबरमधली सकाळ. खचाखच गर्दी, पाठीवर पिशव्या, छातीवर क्रमांक. कॅमेरा चौघांवर स्थिरावतो.)

नियम साधा आहे. चौघांनी मिळून निघायचं, १०० किलोमीटर चालायचं आणि ४८ तासांच्या आत चौघांनी मिळून पोहोचायचं. झोपायचं का, कुठे, किती वेळ, हे ज्याचं त्यानं ठरवावं. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर मात्र चौघांची नोंद एकत्र झाली पाहिजे. एखाद्यानं माघार घेतली तर बाकीचे पुढे जाऊ शकतात, पण मग ‘चौघांनी पुरं केलं’ असं म्हणता येत नाही.

या उपक्रमाचं नाव ट्रेलवॉकर. याची सुरुवात पलटणीत झाली. १९८१ साली हाँगकाँगमध्ये तैनात असलेल्या ब्रिटिश फौजेतल्या गुरखा जवानांनी कवायत म्हणून ही वाट तुडवली आणि त्यातून मदतनिधी गोळा केला. १९८६ पासून सामान्य नागरिक यात उतरले आणि गरिबीविरुद्ध काम करणारी ऑक्सफॅम हाँगकाँग ही संस्था जोडली गेली. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं, गुरखा पलटणी हलल्या, आणि सगळी व्यवस्था ऑक्सफॅमनं उचलली. पुढे ही कल्पना ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान अशी फिरत २०१२ मध्ये भारतातही आली. आपल्या कर्जतच्या डोंगरांतही असे चौघाचौघांचे संघ रात्रभर चालले आहेत.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर पसरलेला नकाशा. चौघं वाकून बघताहेत.)

आपल्या संघातली ही माणसं. काका बँकेतून निवृत्त झालेत, मुलाकडे इथं राहतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ताई संघप्रमुख. तिसरा नाशिकचा मुलगा, नोकरीसाठी आलेला, सह्याद्रीत वाढलेले पाय. चौथी ताईच्या ऑफिसातली, इथंच जन्मलेली. मराठीतले दोनच शब्द तिला येतात, ‘चला’ आणि ‘पाणी’. पुढच्या दोन दिवसांत तिला याहून जास्त लागले नाहीत.

मी त्यांच्या मदत-तुकडीत होतो. म्हणजे चालायचं त्यांनी, आणि ठरलेल्या ठिकाणी पाणी, कोरडे मोजे, पट्ट्या आणि डबे घेऊन उभं राहायचं मी. त्यामुळे ही फिल्म तुकड्यातुकड्यांत आहे. डोंगरात काय झालं ते त्यांनी सांगितलं तेवढंच मला माहीत. चौकीवर चेहरे कसे होते ते मात्र मी पाहिलंय.

पैशांचं आधी सांगून टाकतो. प्रत्येक संघानं किमान एक ठरावीक रक्कम जमवायची असते, आणि ती बहुतेक चालण्याआधीच जमलेली असते. मग चालायचं कशाला, असा प्रश्न काकांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर विचारलाच. “तुम्ही घरी बसलात तरी मी तेवढेच देणार ना?” काका म्हणाले, “घरी बसून मी तुला फोनच केला नसता.” मला तरी याहून बरं उत्तर सुचलेलं नाही. मराठी मध्यमवर्गीय माणसाला वर्गणी मागणं गणपतीपुरतं जमतं. ओळखीपाळखीत हात पसरायचा म्हटलं की जीभ जड होते. शंभर किलोमीटरची तंगडतोड हे त्या मागण्याचं तारण असतं.

त्या सहकाऱ्यानं शेवटी अट घातली. “चौघं पोहोचलात तर देईन. तीन आले तर नाही.”

(दृश्य: हाय आयलंड जलाशयाचा पूर्वेचा बांध. मागे षटकोनी दगडी खांबांची भिंत. चौघं लहान दिसतात.)

वाटेचं नाव मॅकलेहोज ट्रेल. १९७९ मध्ये खुली झाली, त्या वेळचे गव्हर्नर सर मरे मॅकलेहोज यांच्या नावानं. दहा टप्पे, आणि दर अर्ध्या किलोमीटरला क्रमांक घातलेला खांब. शून्यापासून दोनशेपर्यंत. हे खांब पहिल्या दिवशी दिलासा देतात. दुसऱ्या रात्री त्यांचा राग येतो.

पहिला टप्पा फसवा आहे. जलाशयाच्या काठानं सपाट डांबरी रस्ता, डाव्या हाताला निळंशार पाणी, पुढे सुमारे चौदा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून घडलेले ते षटकोनी दगडी खांब. माणसं फोटो काढत, गप्पा मारत पळल्यासारखी चालतात. नाशिककर दोनशे पावलं पुढे. ताईनं हाक मारली, “अरे, बरोबर चालायचंय.” तो थांबला, चौघं एकत्र आली, आणि पाच मिनिटांनी तो पुन्हा दोनशे पावलं पुढे.

इथून लाँग के, मग साई वान, मग हाम तिनचा समुद्रकिनारा. वाळूत बूट रुततात. हाम तिनला ओढ्यावर अरुंद लाकडी फळ्यांचा पूल आहे आणि किनाऱ्यावर गरम नूडल्स मिळतात. अनेक संघ इथं रेंगाळतात. रेंगाळू नये, असं जुने लोक सांगतात. आमच्या चौघांनी रेंगाळून घेतलं.

(दृश्य: पाक ताम आउ, २४ किलोमीटर. डब्यांची झाकणं उघडताना.)

पाक ताम चुंगच्या पुढे खासगी गाडीला परवान्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून दहीभात, थालीपिठं, लिंबाचं लोणचं आणि सहा लिटर पाणी घेऊन मी बसनं आलो. शेजारच्या संघाची मदत-तुकडी मोठ्या पातेल्यातून गरम पेज वाढत होती. पंधरा मिनिटांत देवाणघेवाण सुरू झाली: त्यांची पेज आमच्याकडे, आमचं थालीपीठ त्यांच्याकडे. वारीत गावोगावचे लोक रस्त्यावर येऊन वाढतात तशीच ही जागा वाटली मला, फक्त इथं जो तो आपल्या चौघांची वाट बघत असतो.

काका आले ते सावकाश. सगळ्यांत मागे, पण श्वास लागलेला नाही. त्यांनी आधी मोजे काढले, पाय पुसले, टाचेवर लालसर झालेल्या जागी पट्टी लावली. नाशिककरानं उभ्यानंच खाल्लं. ताई प्रत्येकाला विचारत होती, “पाय कसाय? पाणी प्यायलास? गोळा येतोय का पोटरीत?” हे तिचं चालूच होतं. तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही.

नोव्हेंबरात इथं पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. तिसरा टप्पा अर्धा उजेडात, अर्धा डोक्याला बांधलेल्या दिव्यात. ‘केई लिंग हा’ या जागेपासून चौथा टप्पा सुरू होतो, मा ऑन शानच्या खांद्यावर चढणारा. दिवसा या बाजूनं साई कुंगची बेटं दिसतात म्हणे. आमच्या चौघांना समोरच्याची टाच दिसली. पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. हाँगकाँगच्या डोंगरवाटा बऱ्याच ठिकाणी दगडी आणि सिमेंटच्या पायऱ्यांनी बांधून काढल्यात. आपल्याला मुरमाच्या घसरड्या उताराची सवय. तिथं पाय आपली जागा शोधतो. इथं पायरीची उंची दुसऱ्यानं ठरवलेली असते आणि प्रत्येक उतरण थेट गुडघ्यावर येते.

पहाटे टेट्स केर्न डोंगराच्या पुढे डाव्या हाताला अख्खं काउलून पेटल्यासारखं दिसतं. लाखो माणसं खाली झोपलेली, आणि तुम्ही त्यांच्या छतांच्या वर, लायन रॉकच्या पाठीमागून चाललेले. नाशिककर नंतर म्हणाला की त्या दिव्यांकडे बघून त्याला फक्त लिफ्ट आठवत होती.

(दृश्य: ताई पो रोड, ५७ किलोमीटरच्या पुढे. सकाळ. कठड्यावर माकडं.)

या पट्ट्यात माकडांचं राज्य आहे. हातात पिशवी दिसली की ती येतात. मी डबे जॅकेटखाली धरून उभा होतो आणि त्या माकडांवर एवढं लक्ष होतं की चौघं शेजारी येऊन बसलेली कळलं नाही.

तीन जणांनी बूट काढले. ताईनं काढले नाहीत.

“काढ की,” काका म्हणाले.
“राहू दे, परत घालता येणार नाहीत.”
“म्हणजे?”

तिच्या डाव्या तळव्याखाली रुपयाएवढा फोड होता, ३४ किलोमीटरपासून. रात्रभर ती पायाची कड टेकवत चालली होती, त्यामुळे आता उजवा गुडघाही धरला होता. आणि रात्रभर बाकीच्यांना पाय कसे आहेत ते विचारत होती.

कोणी ओरडलं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीनं बूट सोडले, फोडातलं पाणी काढलं, जखम स्वच्छ करून गादीची पट्टी लावली. पण काकांनी एक वाक्य बोललं, जरा लागेल असंच. “तू लवकर सांगितलं असतंस तर आम्ही तुझ्या वेगानं आलो असतो. आता तुझ्या लंगडण्याच्या वेगानं जायचंय.”

मला वाटतं, चौघांचा नियम याच जागी माणसाला गाठतो. एकटा चालणारा दुखणं दडपू शकतो, त्याचं तो बघून घेईल. इथं एकाचा फोड चौघांच्या वेळेत मोजला जातो. सगळ्यांत वेगवान संघांनी ही वाट अकरा तासांच्या आत संपवली आहे. आमच्यासारख्यांचा वेग हळू चालणारा ठरवतो, आणि तो कोण आहे हे त्यानं स्वतः सांगावं लागतं. ते सांगणं चढापेक्षा अवघड जातं. विशेषतः जी सगळ्यांची काळजी घेते, तिला.

(दृश्य: शिंग मुनजवळ, झाडांच्या सावलीत चटयांवर चौघं आडवी.)

दोन तास झोप. झोपले तिथून जवळच, १९४१ च्या डिसेंबरात जपानी सैन्यानं एका रात्रीत घेतलेले ब्रिटिशांचे खंदक आहेत. बोगद्यांना लंडनच्या रस्त्यांची नावं, शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यू, चेअरिंग क्रॉस. अजून वाचता येतात. चौघांपैकी कोणाला त्यात रस नव्हता, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

उठल्यावर पुढे ताई, शेवटी नाशिककर. क्रम काकांनी बदलला. नीडल हिल, म्हणजे सुईचा डोंगर, ५३२ मीटरच उंच आहे, पण नाव उगीच पडलेलं नाही. चढ सरळ उभा आणि पलीकडचा उतार त्याहून वाईट. ताई काठ्यांवर भार टाकत एकेक पायरी उतरली. वेगानं चालायची सवय असलेल्या पायांना सावकाश चालणं किती छळतं, ते नाशिककराच्या चेहऱ्यावर लेड माइन पास या खिंडीत दिसत होतं. पण तो मागेच राहिला.

संध्याकाळी ताई मो शान. ९५७ मीटर, हाँगकाँगमधला सर्वांत उंच डोंगर. वर वेधशाळेचं रडार आणि ईशान्येचा बोचरा वारा. खाली स्वेटरचीही गरज नव्हती, इथं दातांवर दात आपटतात. पलीकडे रूट ट्विस्क या रस्त्यावर मी गरम मुगाची खिचडी दिली तेव्हा ताईनं विचारलं नाही, सांगितलं: “माझा गुडघा आठवर आहे. दहापैकी.” मग प्रत्येकानं आपापला आकडा सांगितला. काका तीन, नाशिककर पाच, मैत्रीण सहा. पुढच्या प्रत्येक खांबापाशी हे आकडे सांगत ते चालले, असं मला नंतर कळलं.

(दृश्य: रात्र. चार दिवे, एका ओळीत, सावकाश.)

उरलेले वीसेक किलोमीटर बऱ्यापैकी सपाट. त्यावर सांगण्यासारखं फार नाही. झोप, सिमेंट, खांब. मूळ वाट तुएन मुनला जाते, चालणारे शेवटी युएन लाँगकडे वळून ताई टाँगला उतरतात. रविवारी पहाटे, मुदत संपायला थोडे तास असताना, चौघं आली. फोटो निघाला. ताईनं बूट काढले आणि परत घातले नाहीत.

काकांनी मात्र आधी फोन मागितला. भारतात अडीच तास मागे असतं, मध्यरात्र उलटून गेलेली. तरी त्यांनी जुन्या सहकाऱ्याला लावला, आणि त्यानं झोपेत “हॅलो” म्हणताच म्हणाले, “चौघं पोहोचलो. खाते क्रमांक लिहून घे.”